ओलं ठेवायचं नाही

नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं धुकं करून श्वासावाटे देणारं मशीन, विकत घेताना दुकानदार बरंच काही सांगतो. वॉरंटी किती, बटण कुठलं, लहान मुलाचा मास्क वेगळा, आवाज थोडा होणारच. धुवायचं कसं, हे मात्र तो सांगत नाही. डॉक्टर औषध लिहून देतात, दिवसातून किती वेळा घ्यायचं तेही लिहितात, पण धुण्याबद्दल त्या कागदावर एक ओळ नसते. खोक्यात पुस्तिका असते आणि तिच्यात सगळं असतं. पण बारीक अक्षरातली ती इंग्रजी पुस्तिका आपल्याकडे खोक्यातच राहते आणि खोकं माळ्यावर जातं. त्यामुळे नात्यागोत्यात, शेजारीपाजारी मी जेवढी मशीनं पाहिली, त्यांतली बरीचशी वरून लख्ख पुसलेली आणि आतून, म्हणजे जिथं औषध ओततात त्या वाटीत, चिकट. एका घरी तर मशीनला हौसेनं क्रोशाचं झाकण केलेलं होतं. वाटीत कालचं औषध तसंच.

माझं छातीचं दुखणं जुनं. कॉलेजात असताना क्षय झाला. तेव्हा हा शब्द घरातसुद्धा दबक्या आवाजात बोलायचे. माझं लग्न व्हायचं होतं ना, म्हणून वडील बाहेर सांगत, ‘तिला जरा अशक्तपणा आहे.’ औषधं पूर्ण घेतली, क्षय बरा झाला, लग्नही झालं. पण डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागातल्या श्वासनळ्या कायमच्या रुंद आणि सैल होऊन बसल्या. निरोगी नळीच्या आत बारीक केसांची लव असते, ती कफ सतत वर ढकलत राहते. रुंदावलेल्या नळीत ते जमत नाही. कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू वाढतात, त्या जंतूंपायी नळी आणखी खराब होते, मग आणखी कफ. या रहाटगाडग्याला ब्राँकिएक्टेसिस असं नाव आहे. ज्या फ्रेंच डॉक्टरनं स्टेथोस्कोप शोधला, त्या लाएनेकनंच १८१९ साली या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं. बिचारा स्वतः क्षयानं गेला. आपल्या देशातल्या रुग्णांची एक मोठी नोंदणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दोन हजारांहून अधिक ब्राँकिएक्टेसिसचे रुग्ण होते आणि कारणांमध्ये सगळ्यात वर जुना क्षय होता, एक तृतीयांशाहून अधिक जणांत. तो आकडा वाचला तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं वाटायचं, हे माझ्याच नशिबी कसं आलं.

तर कफ काढणं हे माझं रोजचं काम. त्याला क्रम आहे आणि तो चुकवून चालत नाही. आधी नळ्या मोकळ्या करणारं औषध मशीनमधून घ्यायचं. मग तीन टक्क्यांचं मिठाचं पाणी, तेही मशीनमधूनच. त्यानं चिकट कफ पातळ होतो. पण ते आधी घेतलं तर छाती आवळून येऊ शकते, म्हणून मोकळं करणारं पहिलं. मग पलंगाचा पायथा उंच करून उजव्या कुशीवर पडायचं, म्हणजे डाव्या फुफ्फुसाचा तळ वर येतो. दीर्घ श्वास, थोडं थांबणं, आणि तोंड उघडं ठेवून घशातून ‘हाऽ’ असा जोरात सोडलेला श्वास. खोकून खोकून फुफ्फुस फाडायचं नाही, हे मला एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं शिकवलं. माझ्या मुलीहून लहान होती, पण शिकवताना दया नाही. बेडका पडला की त्याचा रंग बघायचा. ऐकायला घाणेरडं वाटेल, पण सकाळचं वर्तमानपत्र उघडायच्या आधी मला त्या रंगावरून दिवस कसा जाणार ते कळतं. पांढरट असला तर ठीक. पिवळा असला तर लक्ष ठेवायचं. हिरवा असला की डॉक्टरांना फोन. शेवटी स्टेरॉइडचा फवारा, कारण मला दम्याचाही थोडा भाग आहे. तो घेतल्यावर चूळ भरायची, मास्क लावला असेल तर तोंडही धुवायचं. नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

एवढं सगळं उरकेपर्यंत माणूस गळून जातो. आणि खरी मेख इथंच आहे. धुण्याचं काम बरोबर त्या वेळी समोर येतं, जेव्हा अंगात त्राण नसतं. धुवायचं मनात असलं तरी वाटतं, ‘ठेवू या आता, दुपारी बघू.’ औषध न घेतल्याचा फटका तासाभरात कळतो. वाटी न धुतल्याचा फटका कधी कळेल, कळेल की नाही, कळला तरी त्याच्यामुळेच होता का, काहीच सांगता येत नाही. म्हणून ते मागं पडतं.

वाटी म्हणजे काय चीज आहे, हे एकदा उलगडून पाहण्यासारखं आहे. तळाला मधोमध एक छोटं नळकांडं, त्याच्या टोकाला सुईच्या अग्राएवढं भोक. मशीनची हवा रबरी नळीतून येऊन या भोकातून सुसाट बाहेर पडते. हवेचा वेग वाढला की तिथला दाब पडतो, आणि आजूबाजूचं औषध आपोआप वर खेचलं जातं. तिथं त्याचे थेंब होतात. वर एक टोपी बसवलेली असते, तिच्यावर थेंब आपटतात. मोठे थेंब परत वाटीत पडतात, अगदी बारीक तेवढे धुकं होऊन बाहेर येतात. एक ते पाच मायक्रॉनचे. याहून मोठे असते तर घशातच अडकले असते. हे इतके बारीक की नाक, घसा, सगळे पहारे चुकवून थेट तळाशी उतरतात. औषध पोचवायला हीच युक्ती हवी. पण हीच युक्ती वाटीतल्या जंतूलाही पोचवते. एरवी पाण्यातला जो जंतू आपण गिळतो आणि पोटात तो निमूट मरून जातो, तोच धुक्यावर बसून अशा ठिकाणी उतरतो, जिथं त्याला अडवायला फारसं कोणी नाही. आणि माझ्यासारखीच्या छातीत तर त्याच्यासाठी साचलेल्या कफाची सोय केलेलीच आहे.

हे काही माझं पांडित्य नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये श्वासाची यंत्रं लावलेल्या रुग्णांना न्यूमोनिया होऊ लागला. डॉक्टरांनी यंत्रंच तपासायला घेतली. बऱ्याच नेब्युलायझरांमध्ये जंतूंची शेती निघाली, आणि फवाऱ्यातून ते बाहेर पडत होते. १९६५ मध्ये यावरचा अभ्यास छापून आला. पुढं रुग्णालयांनी यंत्रं निर्जंतुक करण्याचे नियम केले. घरांमध्ये मशीनं आली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी. मशीन घरी आलं, नियम मागं रुग्णालयातच राहिले.

आमच्याकडे पद्धत अशी बसली आहे. मशीन बंद केल्याबरोबर वाटी सोडवायची. शेवटी वाटी फडफडायला लागते, तरी तळाला थोडं औषध उरतंच. ते ओतून टाकायचं, पुढच्या वेळेसाठी ठेवायचं नाही. औषधाची कुपीही एकदा मान मोडली की तेवढ्यापुरतीच. उरलेली अर्धी फ्रिजच्या दारात उभी करून ठेवलेली मी पाहिली आहे. मग वाटी, टोपी, झाकण, तोंडात धरायची नळी, सगळं सुटं करून कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवायचं. भरपूर पाण्यानं साबण काढायचा. झटकायचं. मशीनला जोडणारी लांब रबरी नळी मात्र धुवायची नाही, तिच्यात पाणी शिरलं की निघता निघत नाही. वाटी काढून टाकून नुसती नळी लावून मशीन दोन-तीन मिनिटं चालू ठेवायचं, आतली वाफ उडून जाते.

दिवसातून एकदा उकळायचं. त्यासाठी एक जर्मनचं पातेलं वेगळं काढलं आहे, त्यात चहा करायचा नाही, हे घरात आलेल्या प्रत्येकाला सांगावं लागतं. तळाला सुती फडकं, नाहीतर वाटी बुडाला चिकटून वितळते. पाण्याला खळखळून उकळी आल्यापासून पाच मिनिटं. पण प्रत्येक किट, म्हणजे वाटी-मास्क-नळीचा संच, उकळायचं नसतं. मऊ प्लॅस्टिकचा मास्क उकळला की त्याचा आकारच जातो, आणि काही स्वस्त किटं उकळण्यासाठी नसतातच. माळ्यावरची ती पुस्तिका यासाठी एकदा तरी खाली काढावी. काही लोक व्हिनेगरमध्ये भिजवतात, काही पुस्तिकांमध्येही तसं लिहिलेलं असतं. व्हिनेगरनं क्षार छान निघतो, पण सगळे जंतू त्यानं मरत नाहीत. छातीत जुना आजार असलेल्यांनी त्याच्यावर विसंबू नये, असं माझ्या डॉक्टरांचं म्हणणं, आणि मला ते पटतं.

संध्याकाळचं धुणं आमच्या घरात ‘हे’ करतात. ज्या गृहस्थानं नोकरीभर आपला चहाचा कप उचलून मोरीत ठेवला नाही, तो आता चष्मा लावून वाटीच्या टोपीतली खाच बघतो. माझ्या सासूबाई होत्या तेव्हा त्यांना हे बघवायचं नाही. मला काही बोलायच्या नाहीत, पण भिंतीकडे बघून म्हणायच्या, ‘दख व माय, काय दिन उनात.’ बघ गं बाई, काय दिवस आले.

आता पाण्याचं. अमळनेरला नळ रोज येत नाही. काही दिवसांआड येतो, कधी रात्री-अपरात्री येतो, आणि आला की गल्लीभर मोटारींची घरघर. मग टाकी, ड्रम, हंडे, जे असेल ते भरायचं. चौथ्या दिवशी ड्रमच्या तळाशी काय असतं ते खानदेशातल्या बाईला सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात नळ लांबला की बोअरचं पाणी, आणि ते असं जड की साबणाला फेस येत नाही. या पाण्यानं वाटी धुतली की वाळल्यावर आत पांढरी खरड दिसते. ती हळूहळू त्या सुईएवढ्या भोकात बसते. धुकं पातळ होतं, जे औषध आठ-दहा मिनिटांत संपायचं त्याला दुप्पट वेळ लागतो, आणि माणसाला वाटतं मशीन बिघडलं किंवा आपली छाती बिघडली. भोकात टाचणी घालून खरड काढायचा मोह होतो, पण घालायची नाही, कारण भोक रुंद झालं की थेंब मोठे होतात आणि धुक्याचा उपयोगच जातो. अशा वेळी व्हिनेगर कामाचं. मी तर शेवटचं विसळणं उकळून गार केलेल्या पाण्यानंच करते. औषध पातळ करायला साधं पाणी तर कधीच नाही, अगदी फिल्टरचंसुद्धा नाही. त्यासाठी सलाइनच्या छोट्या कुप्या मिळतात, त्याच.

पण मी म्हणेन, धुणं आणि उकळणं हे सोपं प्रकरण आहे. अवघड आहे ते वाळवणं. जंतूला साबणापेक्षा कोरडेपणाचं भय जास्त. उकळून काढलेली वाटी ओलसरच डब्यात घातली आणि झाकण घट्ट लावलं, तर रात्रीतून तिथं पुन्हा सगळं उभं राहतं, म्हणजे उकळणं पाण्यात गेलं. आणि गंमत अशी, की हे आमच्याकडच्या बाईला कोणी शिकवायला नको. कुरडई वरून खडखडीत आणि पोटात ओलसर राहिली तर श्रावणात डबा उघडल्यावर काय निघतं, ते आम्ही लहानपणापासून बघतो. आई कुरडई मोडून आवाज ऐकायची आणि मगच डब्यात भरायची. मग औषधाची वाटी ओली कशी ठेवतो आपण? माझ्या मते याचं कारण एकच. ती औषधाची वस्तू आहे, स्वयंपाकघरातली नाही, म्हणून तिच्यापुढं आपण आपलं शहाणपण गुंडाळून ठेवतो.

ऊन आम्हाला उदंड. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो तेव्हा वाटी झटकून ठेवली की बघता बघता कोरडी. पण तेव्हा दुसरं संकट, धूळ. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, त्या दिवसांत वारा सुटला की खिडकीच्या गजावर बोट फिरवलं तरी माती. कापसाच्या हंगामात जिनिंगकडून येणारे तंतू वेगळेच. म्हणून वाटी उघड्यावर ठेवायची नाही, थेट उन्हातही नाही, प्लॅस्टिक पिवळं पडून तडकतं. धुतलेल्या पातळ पंचावर सगळे भाग सुटे मांडायचे, टर्किश टॉवेलावर नको, त्याची लव चिकटते. वरून दुधाच्या पातेल्यावर ठेवतो ती जाळी. जागा मोरीपासून लांब, नळाचे शिंतोडे येणार नाहीत अशी. आणि मशीनच्या बाजूला एक छोटा फिल्टर असतो, कापसाच्या टिकलीसारखा, तो बघायचा. मशीन खोलीतलीच हवा ओढून छातीत सोडतं. पुण्याला मुलीच्या घरी जो फिल्टर कितीतरी दिवस पांढरा राहतो, तो आमच्याकडे लवकर राखाडी होतो. राखाडी झाला की बदलायचा. काही दुकानदार म्हणतात, ‘धुऊन टाका ताई, चालतं.’ बहुतेक मशीनांना चालत नाही.

पावसाळ्यात उलट. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. त्याआधी घरातलं भांडं न् भांडं घासलं जातं, भिंती पुसल्या जातात, तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू धुऊन वाळत घातले जातात, आणि आभाळ भरून आलेलं असतं. सगळ्या घराचं लक्ष एकच, गहू वाळले का. त्या दिवसांत मी माझी वाटी त्या गव्हांच्या पंख्याखालीच मांडते, जाळीखाली. हवा दमट असली तर दोन किट आळीपाळीनं वापरायची, एक वाळतंय तोवर दुसरं. हा खर्च करावा. वर्षाच्या औषधांपुढं किटची किंमत काहीच नाही, आणि जुनं, पिवळं पडलेलं, चीर गेलेलं किट कितीही उकळलं तरी चिरेतला जंतू निघत नाही.

एक प्रसंग सांगायला हवा. आमच्या गल्लीत सगळं एकमेकांचं चालतं. खलबत्ता, मांड्यांचं खापर, शिडी, कोणाची कुठं असेल नेम नाही. एका पावसाळी संध्याकाळी शेजारची सून दारात आली. कडेवर नातवाएवढं पोर, नाक गळतंय, छातीत घुरघुर.

‘वयनी, तुन्हं मशीन दे ना व थोडं. पोऱ्याले भलता खोकला शे.’

मी म्हटलं, मशीन घेऊन जा, पण मास्क आणि वाटी तुझी आण, मेडिकलवर लहान मुलाचं किट मिळतं. आणि औषध डॉक्टरांनी लिहून दिलंय का? तिनं नाही म्हटलं, तुमचंच द्या ना, थोडं. मी म्हटलं, माझं औषध माझ्या मापाचं आहे, पोराला देता येणार नाही, आधी डॉक्टरला दाखव. तिचा चेहरा पडला. ‘आम्ही काय बाट लावतो का वहिनी तुमच्या वाटीला?’ असं म्हणाली आणि गेली. मशीन न घेताच.

ते वाक्य मला लागलं. क्षयाच्या दिवसांत माझा पेला वेगळा होता. स्टीलचा, बुडाला लाल ऑइलपेंटचा ठिपका. औषध सुरू होऊन कितीतरी दिवस झाले, डॉक्टरांनी आता काही भीती नाही असं सांगितलं, तरी तो पेला वेगळाच राहिला. मावशी आली की तिला पाणी देताना आई आधी पेल्याचं बूड बघायची. वेगळं ठेवणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. आणि आता मीच माझी वाटी कोणाला देत नाही, कोणाची घेत नाही, आणि समोरच्याला ते तसंच लागतं जसं मला तो ठिपका लागायचा. फरक सांगता येतो, पण दारात उभ्या असलेल्या, पोर खोकतंय अशा आईला सांगता येत नाही. माझा आजार संसर्गानं लागणारा नाही. पण माझ्या छातीतले जंतू वाटीत येतात, त्या बाळाच्या घशातलेही येतील, आणि ती देवाणघेवाण दोघांनाही नको. मशीनची मोटार दहा जणांनी वापरली तरी चालेल. वाटी, मास्क, नळी ज्याची त्याची.

मी दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले. पोराला दवाखान्यात नेऊन आणलं होतं, किटही आणलं होतं, आणि ते कागदी पिशवीत ओलंच गुंडाळून कपाटात ठेवलं होतं. मग ओट्याशी उभं राहून दोघींनी ते उकळलं. तिनं चहा केला, वेगळ्या पातेल्यात. राग गेला की नाही ते मी विचारलं नाही. पण त्यानंतर गल्लीत मशीन कोणाला हवं असलं की तीच आधी विचारते, ‘किट शे का तुन्हं?’

हिरव्या रंगाबद्दल वर लिहिलं ते उगाच नाही. एका हिवाळ्यात बेडका हिरवा झाला आणि साध्या गोळ्यांनी हलेना. तपासणीत स्यूडोमोनास निघाला. १८८२ मध्ये जेसार नावाच्या फ्रेंच औषधतज्ज्ञानं जखमेच्या पट्ट्यांवरच्या निळ्या-हिरव्या डागांमधून हा जंतू पहिल्यांदा वेगळा काढला. त्या रंगावरूनच त्याची ओळख पटली. हा कुठं राहतो? ओलसर मातीत, मोरीच्या जाळीत, नळाच्या तोंडाशी, सिंकमध्ये. म्हणजे घरात जिथं जिथं ओल आहे तिथं. तो एक चिकट थर करून बसतो आणि त्या थराखाली औषधाला दाद देत नाही. माझ्या छातीत तो कुठून आला ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. सैल नळ्यांना तो आवडतो, मशीन नसलेल्यांनाही होतो, असं ते म्हणाले. मी बरेच दिवस मनातल्या मनात मोरीपासून शेतापर्यंत सगळ्या जागा तपासत बसले, आणि मग सोडून दिलं. त्याच्यावरचं प्रतिजैविकही मशीनमधूनच घ्यायचं होतं. ते औषध हलवलं की फेस येतो, म्हणून कुपी तळहातात हळूच फिरवत विरघळवायचं. तेव्हापासून धुण्याकडे माझं लक्ष वाढलं असं नाही, ते आधीही होतं. पण ‘ह्यां’चं वाढलं.

धुराचं मात्र काय करावं कळत नाही. माहेरी अजून हिवाळ्यात शेतात भरताचा बेत होतो. हिरवी, काटेरी, मोठाली वांगी कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, मग लाकडी बडगीत घालून मिरचीबरोबर ठेचायची, सोबत कळण्याची भाकर किंवा पुऱ्या. पऱ्हाट्यांचा धूर डोळ्यांत जातो तसा छातीतही. आईनं सगळं आयुष्य त्याच पऱ्हाट्यांवर स्वयंपाक केला, ती विडीला कधी शिवली नाही, आणि शेवटच्या वर्षांत तिला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. तिला मशीन कोणी दिलं नाही, तेव्हा ते गावात कोणाला ठाऊकही नव्हतं. मी आता भरताला जाते, पण वाऱ्याच्या वरच्या बाजूला खुर्ची टाकून बसते. भाऊ म्हणतो, ‘पाहुणीसारखी बसतेस.’ बसते.

माहेरी जाताना मशीन सोबत न्यावं लागतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एसटीत बायकांची ही गर्दी, मांडीवर मशीनची पिशवी, आणि कंडक्टरला वाटतं मिक्सर आहे. गावात वीज गेली की मशीन मुकं. म्हणून इनहेलरचा पंप पर्समध्ये असतोच, त्याला स्पेसर, म्हणजे पुढं जोडायचं पोकळ नळकांडं, लावलेला. तो लावायला वीज लागत नाही, उकळायलाही लागत नाही. खरं तर बऱ्याच दमेकऱ्यांना पंप आणि स्पेसर नीट वापरला तर मशीनची गरजच पडत नाही. पण पंपाची सवय लागते असं म्हणून पंप नको म्हणणारे लोक तेच औषध मशीनमधून आनंदानं घेतात. माझं मिठाचं पाणी पंपात मिळत नाही, नाहीतर मीही मशीन माळ्यावर टाकलं असतं.

सध्या पुण्याहून मुलगी मागं लागली आहे की जुनं मशीन काढून टाक, मेश नेब्युलायझर घे. मुठीत मावतं, बॅटरीवर चालतं, आवाज नाही. तिनं व्हिडिओ पाठवला, त्यात तर बटण दाबलं की ते स्वतःच स्वच्छ होतं असं दाखवलं आहे. मी पुस्तिका मागवून वाचली. बटण दाबल्यानंतरसुद्धा धुवायचं आहे, निर्जंतुक करायचं आहे, वाळवायचं आहे. शिवाय त्याच्यात हजारो बारीक छिद्रांची एक नाजूक चकती असते, तिला बोट लावायचं नाही, ब्रश लावायचा नाही, आणि स्टेरॉइडसारख्या गढूळ औषधानं ती बुजू शकते. मी मुलीला एवढंच विचारलं, आमच्या पाण्याच्या क्षारानं चकती बुजली तर ती अमळनेरात मिळेल का. ती म्हणाली, ऑनलाइन मिळते. किती दिवसांत येते आणि तोवर मी काय करायचं, ते विचारून सांगते म्हणाली. अजून सांगितलेलं नाही.